कधी कावीळ झाली होती का?

रक्तदानाच्या फॉर्मवर हा प्रश्न असतोच असतो. आणि बहुतेक जण तो धड न वाचता 'नाही' वर खूण करून मोकळे होतात. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे पिलिया झाला की गळ्यात माळ घालायची, झाडपाला घ्यायचा, डोळे पांढरे झाले की विसरायचं. तो दूषित पाण्याचा होता की हेपॅटायटिस बी-सीचा, कोण तपासतंय? नियम मात्र सांगतो, कावीळ कसली होती हे ठाऊक नसेल तर त्या माणसाचं रक्त कधीच घ्यायचं नाही.

"अहो, पुढे लॅब आहे की!" आहे ना. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, सी, गुप्तरोग आणि मलेरियासाठी तपासणी सक्तीची आहे. त्यातली सीची २००१ पासून. पण लागण नवी असेल तर नेहमीच्या चाचणीत ती काही आठवडे दिसतच नाही. 'नॅट' नावाची चाचणी हा काळ बराच कमी करते, शून्य करत नाही. शिवाय ती महाग, आणि आपल्या देशात सक्तीची नाही. नागपुरात २०२२ मध्ये थॅलेसेमियाची चार मुलं एचआयव्हीबाधित आढळली, त्यातलं एक गेलं. संशय चढवलेल्या रक्तावरच होता.

गडचिरोलीत सिकलसेलचे पेशंट किती! त्यांच्यातल्या काहींना पुन्हा पुन्हा रक्त चढवावं लागतं. दर पिशवीगणिक धोका थोडा थोडा साचतो.

म्हणूनच मला "आधी बदली रक्तदाता आणा" हा प्रकार अजिबात पटत नाही. भामरागडहून दीडशे किलोमीटरच्या वर प्रवास करून आलेला माणूस. बायको बाळंतपणात अडलेली. दाता म्हणून तो स्वतः किंवा सोबत आलेला भाऊ. तो काविळीच्या प्रश्नाला 'हो' म्हणेल? मी तरी म्हटलो नसतो. सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालाने पैसे घेऊन रक्त देणारे बंद झाले ते याच कारणाने, की गरजू माणूस खरं सांगत नाही. नातेवाईकाची गरज काय कमी असते? २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणातही बदली दाते टप्प्याटप्प्याने बंद करायचे असं लिहिलंय. लिहिलंय खरं...

तेव्हा हा ब्लॉग वाचणाऱ्या समस्त मामा-काका-मावश्यांनो (वाचकांत निम्मे तुम्हीच!), कोणी अडलेलं नसताना जा. पुरुषांना दर तीन महिन्यांनी देता येतं, बायकांना चार. फॉर्म चष्मा लावून वाचा. तपासणीचा निकाल कळवावा का, असंही विचारतात, तिथे 'हो' लिहा. हेपॅटायटिस सी निघालाच तर बहुतेकांना साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बरा होतो, आणि २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्या गोळ्या फुकट मिळतात.