पाण्याचा धूर

उज्ज्वला योजनेचा सिलिंडर घरात आला तेव्हा आधी चहा गॅसवर गेला. मागोमाग वरण, भाजी. पाहुणे असले तर पोळ्याही. भाकरी जरा अडून बसली, पण घाईच्या दिवशी तिचंही गॅसवर भागतं. आंघोळीचं पाणी तेवढं जागचं हललं नाही.

डिसेंबरात पहाटे यवतमाळहून दारव्हा रस्त्याने लोहाऱ्याकडे निघा. एमआयडीसीच्या पहिल्या पाळीला जाणाऱ्या मोटरसायकली रस्त्याला लागलेल्या असतात आणि वस्तीत घरांच्या मागे धूर उभा असतो. एवढ्या पहाटे स्वयंपाक कुणी मांडलेला नसतो. हा सगळा पाण्याचा धूर.

लोहारा आता धड गाव राहिलं नाही, धड शहर झालं नाही. यवतमाळ पसरत पसरत त्याला येऊन भिडलं. एका गल्लीत स्लॅबची घरं, गच्चीवर काळ्या टाक्या. पलीकडे टिनाची छपरं आणि अजून टिकून असलेले कवेलू. रेमंडचा डेनिमचा कारखाना इथल्याच एमआयडीसीत आहे. कापडाचा कारखाना कुठलाही असो, धुण्याला आणि वाळवण्याला गरम पाणी, वाफ लागतेच, आणि वाफेच्या टनामागे इंधन किती गेलं याची नोंद ठेवणारा माणूस तिथे पगारावर असतो. त्याच कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांच्या घरी बादलीभर कढत पाण्याला काय पडतं, हे मात्र कुणी कधी मांडून पाहिलेलं नाही. मांडायचं काय? पाणी फुकट तापतं, असा सगळ्यांचा समज.

आमच्या नात्यातल्या एका काकूंना मी विचारलं होतं, पाणी गॅसवर का नाही ठेवत म्हणून. "आंग धुवाच्या पान्याले गॅस?" काकू हसल्याच. "याडा झाला का रे बाप्पा तू? इतकी पराटी पडली हाय ना मांगं." पराटी म्हणजे पऱ्हाटी, कापसाची वाळलेली झाडं.

हिशेब केला तर काकू बरोबर निघतात. वीस लिटरची बादली, थंडीतलं पाणी पंधरा अंशांचं, ते चाळीसपर्यंत न्यायचं. त्याला पाचशे किलोकॅलरी लागतात; विजेच्या मीटरवर हे अर्ध्या युनिटाहून थोडं जास्त. गॅसच्या शेगडीची साठ टक्के आच भांड्याला लागते असं धरलं तर बादलीमागे पाऊणशे ग्रॅम गॅस जातो. घरात चार माणसं, म्हणजे रोज तीनशे ग्रॅम, महिन्याला नऊ किलो. १४.२ किलोच्या सिलिंडरातला निम्म्याहून जास्त गॅस मोरीतून वाहून गेला. उज्ज्वलाच्या ग्राहकाला सिलिंडरमागे तीनशे रुपयांची सूट मिळते खरी, पण उरलेली रक्कम रोजमजुरीतूनच उभी करायची असते. अशा घरात बाई सिलिंडर दोन-अडीच महिने पुरवते, आणि तो पुरतो याचं कारण पाणी चुलीवर असतं. गॅस आला म्हणून चूल गेली, असं सरकारी अहवालाला वाटत असेल. चूल मागच्या दारी गेली, इतकंच.

आता चुलीचा हिशेब. तीन दगडांच्या उघड्या चुलीवर उष्णतेचा दहातला एक वाटा भांड्याला मिळतो, बाकीचे वाऱ्यावर. म्हणजे बादलीमागे सव्वा किलो वाळलेलं लाकूड किंवा पऱ्हाटी. चार बादल्यांना पाच किलो. थंडीच्या चार महिन्यांत सहाशे किलो, नुसतं अंग धुवायला. पऱ्हाटी हेक्टरी दोन-तीन टन निघते, तेव्हा एका एकरातली निम्मी-पाऊण तरी न्हाणीच्या पाण्याखाली जळते. ती उपटायची, वाहून आणायची, रचायची, पावसापासून झाकायची, आणि हे सगळं करणारीने पहाटे सगळ्यांच्या आधी उठून धूर खायचा. या मेहनतीचे पैसे कुणी धरत नाही. म्हणून तर ते फुकट.

पण पऱ्हाटीची खरी किंमत वेगळीच आहे, आणि ती शेतात चुकती होते.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस पोखरला. यवतमाळ जिल्ह्यात ते वर्ष कुणी विसरलेलं नाही. तेव्हापासून कृषी खातं आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था दर हिवाळ्यात सांगत आली आहे: पीक वेळेत संपवा, फरदडीच्या, म्हणजे पीक लांबवून जास्तीची वेचणी घेण्याच्या, मोहात पडू नका, आणि पऱ्हाटी बांधावर किंवा घराशेजारी रचून ठेवू नका. अळी हंगाम संपला म्हणून मरत नाही. न फुटलेल्या किडक्या बोंडांत ती सुप्तावस्थेत पडून राहते. पुढच्या पावसानंतर तिचा पतंग होतो आणि पात्या-फुलांवर आलेलं नवं पीक गाठतो. पऱ्हाटीच्या ढिगात अशी बोंडं लटकलेली असतातच. म्हणजे घरामागचा ढीग हा पुढच्या वर्षीच्या अळीचा मुक्काम.

खात्याचं पत्रक म्हणतं, ढीग लावू नका. घरची बाई म्हणते, मग पाणी कशावर तापवू? दोघांचंही खरं आहे. कृषी खात्याने कधी मोरीत डोकावून पाहिलं नाही आणि गॅस देणाऱ्यांनी बांधावर. सल्ला पाळायचा तर पऱ्हाटीवर श्रेडर नाहीतर रोटाव्हेटर फिरवून तिचा जागीच भुगा करावा लागतो. त्याने मातीलाही बरं पडतं. सिरकॉट या कापूस तंत्रज्ञानाच्या केंद्रीय संस्थेचं नागपूरला केंद्र आहे. पऱ्हाटीपासून ब्रिकेट आणि पेलेट करण्याचं तंत्र तिने बसवलं आहे. उत्तम काम आहे. पण ब्रिकेट जातात बॉयलरमध्ये. चुलीखालची पऱ्हाटी काढून घ्यायची तर तिथे दुसरं काहीतरी ठेवावं लागेल, एवढा साधा प्रश्न कुठल्याच योजनेच्या कागदावर मला दिसलेला नाही.

चुलीवर विचार झालाच नाही असं नाही. चूल सुधारण्याचा उद्योग तर आपल्या शेजारीच सुरू झाला: वर्ध्याच्या मगनवाडीत, गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघाच्या जागेत, आणि तिथल्या मगन चुलीचं नाव पुढे देशभर गेलं. १९८३ पासून सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला. महाराष्ट्रात डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्याच्या आरती संस्थेने त्यासाठी बरंच काम केलं. तो कार्यक्रम २००२ मध्ये गुंडाळला गेला. त्या सगळ्या खटाटोपात मध्यभागी होता स्वयंपाक. पाणी वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या दुय्यम तोंडावर. जुन्या चुलीलाही वैल होताच; भाकऱ्या होईपर्यंत वैलावरचं पाणी कोमट व्हायचं. जी आच उरेल ती पाण्याला, असा घराघरातला रिवाज होता, आणि योजना आखणाऱ्यांनी तोच उचलला. पण आता भाकरी गॅसवर गेली असेल तर वैलाला आच कुठून येणार? उलट पाण्यासाठी वेगळी चूल पेटवावी लागते. गॅस आल्यावर काही घरांत पाण्यापुरतं सरपण वाढलंही असेल, मला त्याचं नवल वाटणार नाही.

या बाबतीत जुना बंब आपल्यापेक्षा हुशार होता. मधोमध नळी, नळीत विस्तव, भोवती पाणी. आच वाया जायला जागाच कमी. वरून गार पाणी ओतायचं की तोटीतून कढत पाणी येतं. शेंगांची टरफलं, तुराट्यांचे तुकडे, कागद, काहीही चालायचं. तांब्याचा भाव चढला तसे बंब मोडीत गेले आणि त्या जागी आला उघड्या चुलीवरचा ॲल्युमिनियमचा गंज. म्हणजे तापवण्याचं चांगलं भांडं देऊन आपण वाईट भांडं घेतलं, वर पहाटेचा धूर वाढवून घेतला. आता पत्र्याचे, स्टीलचे बंब पुन्हा दुकानांत दिसतात. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाची आठवण म्हणून ते घेणाऱ्यांना माझं काही म्हणणं नाही. मात्र ज्या घरात अजून काही वर्षं लाकूडच जळणार आहे, तिथे बंब हीच आज परवडणारी सुधारणा आहे.

सौर बंबाचं काय, असं एव्हाना वाचक विचारणार. विदर्भात उन्हाची काय कमी! शंभर लिटरच्या सौर बंबातलं साठ अंशांचं पाणी विसाणून घेतलं तर नऊ बादल्या सहज होतात. टाकीला जाड अस्तर असतं, त्यामुळे दुपारी तापलेलं पाणी पहाटेपर्यंत टिकतं. पंप लागत नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन वर सरकतं, गार खाली येतं. पण लोहाऱ्याच्या गल्लीत उभं राहून पाहिलं की अडचणी उन्हाच्या नसतात. पहिली अडचण उंचीची. गार पाण्याची टाकी सौर बंबाच्याही वर हवी. टिनाच्या घरावर ती ठेवायची कुठे? ग्रामीण घरकुलाला ठरावीकच अनुदान मिळतं. तेवढ्यात भिंती आणि छप्पर उभं करतानाच मालकाचा जीव जातो, टाकीचा चौथरा कोण बांधणार? मला विचाराल तर मोरीच्या डोक्यावर दोनशे लिटरची टाकी पेलेल असा स्लॅब घरकुलाच्या नकाशातच हवा. सौर बंब नंतर कधीही बसवता येतो. नसलेली उंची नंतर आणता येत नाही.

दुसरी अडचण पाण्याची. निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली तेव्हाचा २०१८ चा उन्हाळा यवतमाळकरांनी काढला आहे. टँकरमागे धावणाऱ्या माणसाला गरम पाण्याचं काही सांगू नये. पण एरवीही जिथे नळ रोज येत नाही तिथे सौर बंबाच्या काचेच्या नळ्या कोरड्या राहतात, उन्हात भयंकर तापतात, आणि मग अचानक गार पाणी चढलं की तडकतात. शिवाय बोअरचं पाणी जड. तांब्याच्या बारीक नळ्यांचा जुन्या धाटणीचा बंब असेल तर क्षार बसून तो काही वर्षांत चोंदतो. काचेच्या नळ्यांचा त्यामानाने बरा, पण साफसफाई त्यालाही चुकत नाही.

तिसरी गोष्ट कंपन्यांच्या माहितीपत्रकात नसते, कारण ती पत्रकं पुण्या-बंगळुरूच्या हवेसाठी लिहिलेली असतात. आमच्याकडे मार्च ते जून गच्चीवरची काळी टाकी हाच बंब असतो. दुपारी नळ सोडला तर हात पोळतो. रात्री अंगणात बादल्या भरून पाणी निववावं लागतं. गरम पाण्याची खरी निकड थंडीत, आणि पावसाळ्यात निंदणाहून भिजून आल्यावर. आणि पावसाळ्यातल्या त्या दिवसांत ढग असतात. म्हणजे वीस हजारांच्या आसपासचा सौर बंब वर्षातले चारच महिने पूर्ण कामाचा. त्याचे पैसे किती वर्षांत फिटतात हा हिशेब वीज जाळणाऱ्या घराचा वेगळा आणि पऱ्हाटी जाळणाऱ्या घराचा वेगळा. पऱ्हाटीवाल्याचे तर कधीच फिटत नाहीत, कारण त्याच्या वहीत खर्चाची बाजू कोरी आहे.

या सौर बंबावर केंद्र सरकार पूर्वी अनुदान द्यायचं. ते २०१४ मध्ये बंद झालं. आता पैसा आहे छतावरच्या वीज पॅनेलला. २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये मिळतात. त्या विजेवर गिझर चालवा, झालं, असं म्हणणारे भेटतात. चालतो की. पण पॅनेल उन्हाचा पाचातला एक वाटा पकडतं आणि सौर बंबाची नळी निम्म्याच्या पुढे. नुसतं पाणीच तापवायचं असेल तर ऊन आधी विजेत आणि वीज पुन्हा उष्णतेत, हा द्राविडी प्राणायाम आहे. पॅनेलला टाकीची उंची लागत नाही, जड पाण्याचं भय नाही, हे मात्र मान्य. हीट पंप नावाचं यंत्र असेल तर फेराही वसूल होतो: ते फ्रिजच्या उलट चालतं, हवेतली ऊब ओढून पाण्यात टाकतं, एका युनिटात तीन युनिटांचं काम करतं. यवतमाळसारख्या कोमट हवेला ते मानवेलही. एका घराला ते महाग आहे. जिल्ह्यात आश्रमशाळा पुष्कळ, वसतिगृहंही. जिथे शे-दोनशे पोरं एकाच तासात अंघोळीला रांग लावतात, तिथे हीट पंपाचा विचार व्हायला हरकत नाही.

मधल्या वेळात गावाने आपला मार्ग काढलाच आहे, आणि तो आहे दीड हजार वॅटचा रॉड. स्वस्त, कुठल्याही दुकानात मिळणारा, पंचवीस मिनिटांत बादली तयार. पण घरात अर्थिंगचा पत्ता नसतो, बादली ओल्या मोरीत असते, आणि पाणी तापलं का ते बोट घालून पाहायची सवय जात नाही. गॅसचा गिझर स्वस्त पडतो म्हणून कुणी बंद न्हाणीघरात बसवतो. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. खिडकी नसेल तर गिझर बाहेर बसवावा, यात वाद नको.

काकूंच्या घरी आता बदल झाला आहे, तो मात्र कुठल्याच योजनेने घडवलेला नाही. मुलाने टिनावर काळा रंगवलेला प्लास्टिकचा ड्रम चढवला, खाली पाइप सोडला. संध्याकाळी चार-पाच वाजता थंडीतही त्यात बरं कोमट पाणी असतं. बाळंतिणीचं, लेकराचं पाणी उन्हात ठेवण्याची रीत काकूंना माहीत होतीच. शेतातून आलेली सून आता संध्याकाळीच अंग धुते; कंपनीत जाणाऱ्या मुलाचं पहाटेचं पाणी मात्र चुलीवर. चारातल्या दोन बादल्या कमी झाल्या, आणि मागचा पऱ्हाटीचा ढीगही. सौर बंबासाठी काकू आणि मुलगा एका दुकानदाराकडे जाऊन आले. भाव जमत होता, घरही यंदा स्लॅबचं होणार आहे. काकूंनी एकच विचारलं, वानरं आली तर? आमच्याकडे सकाळी वानरांचा अख्खा कळप छपरावरून जातो, हे ज्याने पाहिलं आहे त्याला काचेच्या नळ्यांची काळजी वेगळी सांगावी लागत नाही. दुकानदार म्हणाला, गॅरंटीत वानर बसत नाही, वरून जाळी टाकून घ्या. जाळीने ऊन किती अडतं, असं मुलाने विचारलं, तर तो म्हणाला, थोडंसं. त्या थोडंशावर घरात अजून चर्चा चालू आहे.