आपल्या लेकरांच्या हाती पोते नको, भिंग द्या



उन्हाळ्याची सुट्टी लागली की वन्यजीव केंद्रे आणि निसर्ग उद्याने मुलांसाठी शिबिरे घेतात. पुस्तकातून नाही, हाताने करून शिका, असे ती सांगतात. म्हणणे चांगलेच आहे. पण वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करताना आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. फी भरणाऱ्या शाळांच्या मुलांना तिथे दुर्बीण, भिंग आणि वही मिळते. वस्तीतली मुले त्याच ठिकाणी गेली की त्यांना हातमोजे आणि पोती देऊन प्लास्टिक वेचायला लावतात. वर 'स्वच्छतादूत' म्हणून टाळ्या वाजवतात.

गावची मेलेली गुरे ओढण्याचे काम पिढ्यानपिढ्या आपल्या हातांवर लादले गेले. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ते सोडून द्यायला सांगितले. कचरा उचलण्यात कमीपणा नाही. उचलायचा तर सगळ्याच मुलांनी उचलावा. पण एका मुलाला ज्ञान आणि दुसऱ्याला कचरा अशी वाटणी होत असेल, तर ती जातीचीच वाटणी आहे, मग तिला शिबिर म्हणा नाहीतर सहल.

मग मुलांना पाठवायचेच नाही का? पाठवायचे, आणि हक्काने पाठवायचे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातच कान्हेरीची लेणी आहेत. आपली कुटुंबे तिथे वंदनेला जातात. शंभरावर लेणी आणि पावसाचे पाणी साठवणारी दगडात कोरलेली टाकी तिथे आहेत. त्या डोंगरात भिक्खू शेकडो वर्षे राहिले. पावसाळ्यात हिरवे गवत आणि बारीक जीव पायाखाली चिरडू नयेत, म्हणून तथागतांनी वर्षावासाचा नियम घातला. जंगल आपल्याला परके नाही. तिथे आपली मुले पाहुणी म्हणून नव्हे, विद्यार्थी म्हणून गेली पाहिजेत.

त्यांना तिथे काय शिकवायचे? आमचे मत स्पष्ट आहे. वस्तीच्या मुलांचा कार्यक्रम वाघ-सिंहापासून नको, वस्तीतल्या जिवांपासून सुरू व्हावा. डास, उंदीर, कुत्रा, साप, बिबट्या यांच्याशी आपला रोजचा संबंध आहे आणि आपले आजारही त्यात गुंतलेले आहेत.

डासाचेच घ्या. साचलेले पाणी पांढऱ्या ताटलीत घेऊन मुलाला भिंग द्या. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी राहणारी अळी मलेरिया पसरवणाऱ्या ॲनाफिलीस डासाची. डोके खाली करून तिरकी लटकते ती एडिस किंवा क्युलेक्सची. एडिस डेंग्यू पसरवतो. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. ज्या मुलीने वळवळणारी अळी डोळ्यांनी पाहिली, ती घरी येऊन पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करून घासायला लावतेच. शंभर पत्रके वाटून हे होत नाही.

सापाचे घ्या. भारतात सर्पदंशाने वर्षाला सुमारे ५८,००० माणसे मरतात, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप चित्रांवरून ओळखायला शिकवा. मग मुलांनी एकमेकांच्या हाताला पट्टी आणि फळी बांधून सराव करावा. चावलेला भाग हलू द्यायचा नाही, कापायचे नाही, चोखायचे नाही, करकचून आवळायचे नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही, थेट सरकारी रुग्णालय गाठायचे. जिवंत साप मुलांच्या गळ्यात घालून फोटो काढणे हे शिक्षण नव्हे. अशा केंद्राला नमस्कार करून परत यावे.

कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी लसीसाठी जायचे. हळद, चुना, तिखट काही लावायचे नाही. पंधरा मिनिटे किती लांब असतात, हे मुलांना घड्याळ लावून करायला लावले तरच कळते.

बिबट्याचे कोडे तर मुलेच सोडवतात. कचरा तिथे कुत्री, आणि कुत्री तिथे बिबट्या. बोरिवलीच्या उद्यानाभोवती २००४ साली बिबट्याचे किती हल्ले झाले, हे तिथल्या वस्त्या विसरलेल्या नाहीत. रात्री अंधारात उघड्यावर शौचाला बसलेले मूल बिबट्याला लहान जनावरासारखे दिसते. म्हणजे कचरागाडी, दिवा आणि संडास हेसुद्धा वन्यजीव शिक्षणाचेच धडे आहेत. मुलांनी वस्तीचा नकाशा काढावा. कचरा कुठे साचतो, दिवा कुठे नाही, हे त्यावर मांडावे आणि मोठ्यांनी तो नकाशा वॉर्ड ऑफिसात न्यावा.

काही पालक म्हणतील, ट्यूशन सोडून हे कशाला? आपल्या मुलांना विज्ञान घोकायला मिळते, पाहायला मिळत नाही. स्वतः पाहणे, प्रश्न विचारणे, पटले तरच मानणे हा धम्माचाच मार्ग आहे.

म्हणून विहार समित्यांना आमचे सांगणे आहे. कोणत्याही केंद्राशी बोलताना चार गोष्टी ठरवून घ्या. एका मार्गदर्शकामागे पंधरापेक्षा जास्त मुले नकोत. बोलणे मराठीतून व्हावे. मुलींसाठी स्वच्छ संडास आणि सर्वांना पिण्याचे पाणी असावे. आणि एका सहलीवर बोळवण नको. आधी वस्तीत एक दिवस, मग केंद्रावर, मग पुन्हा वस्तीत, अशा किमान तीन भेटी व्हाव्यात. वस्तीतल्या आणि जंगलातल्या आदिवासी पाड्यांतल्या तरुणांना मानधन देऊन मार्गदर्शक नेमा, असा आग्रहही धरा. झाडे आणि पाऊलखुणा त्यांच्याइतक्या कोणाला कळणार?

शेवटच्या भेटीनंतरच्या रविवारी मुलांनी विहारात उभे राहून आपण काय पाहिले ते सांगावे. मोठ्यांनी खाली बसून ऐकावे. त्या दिवशी कोणाच्या वहीत काय आहे ते बघा. वही कोरी असेल आणि पोते भरलेले असेल, तर पुढच्या वर्षी त्या केंद्राला नकार कळवा.

नमो बुद्धाय!