म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका

वाचकहो, घरातले वडीलधारे माणूस विसरू लागले की आपण 'साठी बुद्धी नाठी' म्हणून मोकळे होतो. या म्हणीने फार नुकसान केले आहे. चष्मा कुठे ठेवला, पाहुण्याचे नाव काय, हे विसरणे आणि मग आठवणे, हे वयाचे. पण जन्मभर हाताखालून गेलेले काम चुकू लागले, तर ती स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते.

न शिकलेल्या म्हातारीला आज तारीख कोणती हे विचारून काय कळणार? तिचे काम पाहा. चाळीस वर्षे स्वयंपाक केलेल्या आईच्या आमटीत दोनदा मीठ पडते, चुलीवरचे दूध वरचेवर उतू जाते. हिशेबाला पक्के असलेले वडील बाजारात शंभराची नोट देतात आणि उरलेले पैसे न घेताच येतात. मळ्याच्या रोजच्या वाटेवर चुकतात. तेच ते तासाभरात चारदा विचारतात. कधी शांत माणूस संशयी होतो, सुनेने पैसे चोरले म्हणतो. सूनबाई, ते मनाला लावून घेऊ नका. बोलतो तो आजार.

असे काही महिने दिसले तर अंगारे-धुपारे न करता डॉक्टरांकडे न्या. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले, थायरॉईड मंदावले, मन खचले, तरी माणूस विसरतो. आणि यांवर उपचार आहेत. कानाने कमी ऐकू येते का, तेही तपासून घ्या. मात्र दोन दिवसांत एकाएकी माणूस बरळू लागला तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवीतील जंतू, उतरलेली साखर, डोक्याला लागलेला मार, काहीही असू शकते.

अल्झायमरसारखा स्मृतिभ्रंश पुरता बरा करणारे औषध अजून नाही. पण २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाच्या तज्ज्ञ मंडळाने टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यांत वाढलेला रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बहिरेपण आणि एकटेपणाही आहे. तेव्हा विडी सुटायला हवी, आणि आजोबांना ओसरीवर एकटे बसवून ठेवू नये.

निदान झाले असेल तर फवारणीची औषधे आजच कुलपात ठेवा. पाण्याच्या बाटलीत तर ती कधीच ओतू नका. विहिरीला कठडा नसेल तर बांधून घ्या. शेताचे व बँकेचे कागद त्यांना नीट समजते आहे तोवर, त्यांच्याच इच्छेने, सर्व भावंडांसमोर करून घ्या.