सापडलं म्हणजे आपलं झालं का?

मेटल डिटेक्टर घेतल्यापासून मला एकच प्रश्न वेगवेगळ्या लोकांनी विचारलाय. आईच्या भिशीतल्या काकू म्हणाल्या, "गुप्तधन शोधतोस का रे?" इस्त्रीवाला म्हणाला, "भाई, सोना मिला क्या?" आणि ऐरोलीच्या ऑफिसात सोमवारी सकाळी चहाच्या मशीनपाशी, "काय मग, रिटायर कधी होतोयस?"

तर मंडळी, उत्तर एकदाच देऊन टाकतो. सोनं मिळालेलं नाही. उल्हासनगर कॅम्प १ मध्ये ते मिळेल अशी अपेक्षाही नाही. पण तीन वीकेंड हे यंत्र फिरवल्यावर एका प्रश्नाने डोकं खाल्लंय, आणि तो तंत्राचा नाही, हक्काचा आहे. जमिनीत सापडलेली वस्तू नेमकी कोणाची?

आधी थोडं यंत्राबद्दल. (इंजिनिअर माणूस, सांगितल्याशिवाय राहवत नाही :)) दांड्याच्या टोकाला जी तबकडी असते तिच्यात तारेची वेटोळी असतात. एक वेटोळं बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडतं. खाली धातू असेल तर त्यात छोटे प्रवाह फिरू लागतात, त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि ते दुसरं वेटोळं पकडतं. परत आलेला सिग्नल किती उशिराने आला यावरून यंत्र अंदाज बांधतं की खाली लोखंड आहे, अॅल्युमिनियम आहे की तांबं, आणि स्क्रीनवर एक आकडा दाखवतं. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत सापडते. सिनेमातल्यासारखं दहा फूट खालचा हंडा वगैरे विसरा. त्यात आपली जमीन सगळी काळ्या बेसाल्टची. त्यातल्या लोहखनिजामुळे यंत्र मधूनच उगाच किंचाळतं, म्हणून सुरुवातीला त्याला जमिनीची ओळख करून द्यावी लागते.

एवढं झाल्यावर उरतो तो उल्हासनगरचा खास प्रॉब्लेम. जीन्स! "मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन" हा विनोद तुम्ही ऐकलाच असेल. या गावात इतकी वर्षं जीन्स शिवल्या गेल्यात की जमिनीत पितळी बटणं आणि रिव्हेट्स अक्षरशः पेरलेली आहेत. पितळी बटण आणि जुनं तांब्याचं नाणं यांचा आकडा जवळपास सारखाच येतो. म्हणजे आमच्या भाषेत फॉल्स पॉझिटिव्हचा महापूर. उलट बाजूने, लोखंड गाळायचं सेटिंग लावलं की १९८८ नंतरची स्टेनलेस स्टीलची नाणीही बऱ्याचदा गाळली जातात. बटणं घ्या किंवा नाणी सोडा, असा सौदा आहे.

शेजारच्या एका बराकीमागच्या मोकळ्या जागेत, जागेच्या मालकांना रीतसर विचारून, मी जे काही काढलं त्याचा हिशेब असा: एकतीस बटणं आणि रिव्हेट्स, सोड्याच्या बाटल्यांची बिल्लं, एक कुलूप, अॅल्युमिनियमचे कंगोरेदार दोन पैसे आणि दहा पैसे, आणि एक भोकाचा पैसा, साल १९४४.

हा भोकाचा पैसा तुमच्या आजीच्या डब्यातही असेल. महायुद्धात तांबं वाचवायला सरकारने १९४३ पासून हा काढला. वजन दोन ग्रॅम, मधोमध भोक, राजाचा चेहरा नाही, नुसता मुकुट. असे चौसष्ट पैसे म्हणजे एक रुपया. भंगारात घातला तर चहाही येणार नाही.

पण जरा विचार करा, तो इथे कसा आला असेल. उल्हासनगर म्हणजे मुळात दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने याच बराकींमध्ये जागा दिली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी होऊन गावाला उल्हास नदीवरून नाव मिळालं. पत्त्यात बॅरेक नंबर लिहायची पद्धत अजून आहे. १९४४ चा पैसा एखाद्या शिपायाच्या खिशातून पडला असेल, किंवा कराचीहून बोटीने आलेल्या एखाद्या बाईच्या पदराच्या गाठीतून. तेव्हा कराचीत आणि कल्याणात एकच पैसा चालायचा. नाण्याकडे बघून हे कळत नाही. कळलंच तर ते कुठे आणि किती खोल सापडलं यावरून. बराकीच्या मूळ जोत्याखाली की नंतर टाकलेल्या भरावात, यावर गोष्ट बदलते. नाणं खिशात घालून जागा विसरलात तर गोष्ट संपली.

आता कायदा. १८७८ चा 'इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अॅक्ट' आजही आपल्या डोक्यावर आहे. जमिनीत लपवलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कुठलीही वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. काय सापडलं, कुठे, कधी. नाही कळवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. १८७८ मध्ये दहा रुपये म्हणजे चांदीची दहा नाणी, दहा तोळे वजन. आज दहा रुपयांत वडापाव मिळत नाही. म्हणजे चांदीची एखादी जुनी चवलीसुद्धा या मर्यादेच्या कितीतरी वर जाते. अशा मर्यादेला काय अर्थ राहतो? नियम इतका खाली उतरला की तो कोणीच पाळत नाही, आणि जिथे खरंच पाळायला हवा तिथेही पाळला जात नाही.

पण हा कायदा अगदीच टाकाऊ नाही. उलट त्यातली एक गोष्ट मला भलतीच शहाणी वाटते. वस्तू शंभर वर्षांच्या आत कोणी लपवली असावी असं दिसलं, आणि लपवणारा किंवा त्याचा वारस पुढे आला, तर त्याला दिवाणी दाव्याने हक्क सिद्ध करायची मुदत द्यावी लागते. त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर नोटीस काढून दावेदारांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख द्यायची असते. मालक कोणीच नाही असं ठरलं, तरच शोधणारा आणि जमीनमालक यांची वाटणी. दोघांचा आधी काही करार नसेल तर तीन-चतुर्थांश आणि एक-चतुर्थांश.

आता हे उल्हासनगरला लावून बघा. इथल्या बराकींना अजून शंभर वर्षं झालेली नाहीत. म्हणजे छावणीच्या काळापासून इथल्या मातीत मुद्दाम ठेवलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट शंभर वर्षांच्या आतली. तिचा मालक नाही तरी त्याची मुलं-नातवंडं कदाचित दोन बराकी सोडून राहत असतील. पुरातत्त्वाच्या १९७२ च्या कायद्यात नाणं 'पुरावस्तू' ठरायला ते किमान शंभर वर्षांचं असावं लागतं. माझा पैसा त्यात बसत नाही. म्हणजे इतिहासाच्या दृष्टीने फार नवीन, आणि बेवारस म्हणायलाही फार नवीन.

आमच्या गल्लीत एक सिंधी आजोबा आहेत, सगळे त्यांना दादा म्हणतात. सातव्या वर्षी आईवडिलांबरोबर बोटीने आलेले. मी गुडघ्यावर बसून उकरत होतो तेव्हा ते काठी टेकत आले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "बेटा, जो गाड़ना था वो तो उधर गाड़ के आए. इधर तो खाली हाथ आए थे."

मी काय बोलणार? भोकाचा पैसा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी बोटाने भोक चाचपलं आणि परत देताना म्हणाले, "जिसका है उसको पहले पूछना." कायद्याची आख्खी कलमं त्या एका वाक्यात आली.

माझ्या एका कलीगची आयडिया मात्र वेगळी होती. "अरे, इथे बटणं काय गोळा करतोस? अंबरनाथच्या देवळामागे जाऊ ना!" अंबरनाथचं शिवमंदिर शिलाहारांच्या काळातलं, १०६० सालचं. वालधुनीच्या काठावर, आमच्यापासून काही किलोमीटरवर. मोह पडणं मी समजू शकतो. पण ते संरक्षित स्मारक आहे, तिथे परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी मी गेलो नसतो.

का, ते सांगायला नाशिक जिल्ह्यातलं जोगलटेंभी बघा. १९०६ मध्ये तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला, तेरा हजारांहून जास्त. नाणी क्षत्रप नहपानाची, पण त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला. म्हणजे हरलेल्या राजाचा पैसा जिंकलेल्याने आपल्या नावावर करून घेतला! नाशिकच्या लेण्यांतला शिलालेख जे सांगतो त्याला या साठ्याने पुरावा दिला. आता समजा, ज्याला सापडली त्याने ती गुपचूप सोनाराकडे नेऊन वितळवली असती तर? काही किलो चांदीसाठी आपण इतिहासाचं एक पान जाळलं असतं. आणि पन्नास जणांनी एकेक मूठ वाटून घेतली असती, तरी नुकसान तेवढंच.

उलटं उदाहरण इंग्लंडचं. १९९२ मध्ये हॉक्सन गावात एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. त्याने डिटेक्टर असलेल्या एरिक लॉज या ओळखीच्या माणसाला शोधायला बोलावलं. हातोड्याऐवजी रोमन काळातली सोन्याचांदीची नाणी लागली. लॉजने काय केलं? खणणं थांबवलं आणि कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाल्यांनी येऊन सगळं जसंच्या तसं मातीसकट काढलं, म्हणून वस्तू कशा रचून ठेवल्या होत्या हेही कळलं. सुमारे पंधरा हजार नाणी निघाली. बक्षिसाची रक्कम लॉजला मिळाली, ती त्याने शेतकऱ्याबरोबर वाटून घेतली. आणि तो हातोडा? तोही सापडला, आणि तोही आता ब्रिटिश म्युझियमकडे आहे.

पुढे इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून एक योजना सुरू झाली. छोटी वस्तू सापडली की जवळच्या अधिकाऱ्याला दाखवायची. तो फोटो, जागा, वजन नोंदवतो आणि बहुतेक वेळा वस्तू परत देतो. आजवर पंधरा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झालीय. वस्तू शोधणाऱ्याकडे, माहिती सगळ्यांकडे. मला हे डिझाइन म्हणून फार आवडतं.

आपल्याकडे असं का नसावं? माझं म्हणणं साधं आहे. एक, दहा रुपयांची मर्यादा आजच्या काळाला धरून वाढवा. दोन, त्याखालच्या फुटकळ वस्तूंसाठी एक पानाचा फॉर्म करा. फोटो, जागा, खोली, तारीख, जमीनमालकाची सही, बस्स. महापालिकेच्या वाचनालयात किंवा कॉलेजच्या इतिहास विभागात तो जमा झाला तरी चालेल. तीन, वस्तूवर नाव किंवा खूण असेल तर आसपास विचारणं सक्तीचं करा.

तुम्ही म्हणाल, याने चोरांचं फावेल. गडकिल्ल्यांवर गुप्तधनासाठी खड्डे खणल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. त्यापायी भोंदूबाबांनी काय काय प्रकार केलेत हेही माहीत आहे. जादूटोणाविरोधी कायद्याच्या यादीत त्याचा वेगळा उल्लेख करावा लागला. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच किल्ले, देवळं, लेणी आणि त्यांचा परिसर यांना डिटेक्टर कायमचा बंदच हवा. पण रात्री कुदळ घेऊन जाणारा फॉर्मची वाट बघत नाही. ज्याला नीट वागायचंय त्यालाच आज नीट वागायची सोपी वाट नाही, हा माझा मुद्दा.

आणि घाई एवढ्यासाठी की बराकी भराभर जाताहेत. एक बराक पडते, जेसीबी येतो, आणि ऐंशी वर्षांचा थर दोन दिवसांत डंपरमधून कुठल्यातरी भरावात जाऊन पडतो. मी वीतभर उकरतो त्याची चौकशी दहा जण करतात, त्या डंपरची कोणी करत नाही.

तेव्हा उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमध्ये तुमचं जुनं घर पाडायला निघालं असेल, तर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, कुठे काय ठेवलं होतं. मग एक रविवार जमीन बघून घ्या. मला बोलावलंत तर मी येईन, फुकट. जे निघेल ते तुमचं, नोंद मी करीन. बटणं मात्र मला नकोत, घरी खूप आहेत.