समजून द्या!

‘समजून द्या’ हे शब्द आमच्या शिराळ्यात औदार्याचे मानले जातात. वकील असो, हिशेबनीस असो की बँकेची कर्जप्रकरणे तयार करून देणारा सल्लागार, “किती झाले?” असे विचारले की उत्तर ठरलेले : “तुमच्याकडून काय मागायचे? द्या समजून!” हल्ली परदेशी धंदेशास्त्राची पुस्तके वाचलेले आमचे काही तरुण मित्र याच शब्दांना नवे तत्त्वज्ञान म्हणून मिरवू लागले आहेत. सल्ल्याचे मोल गिऱ्हाइकानेच ठरवावे, त्याने विश्वास वाढतो, असे त्यांचे म्हणणे. मी वीस वर्षे हेच केले. म्हणूनच सांगतो, हा विश्वास नव्हे, भित्रेपणा आहे.

कोणी म्हणेल, ही तर आपली जुनी रीत. साफ खोटे! बलुतेदाराचे खळ्यावरचे धान्य कुणब्याच्या लहरीवर नव्हते. थोरली, मधली, धाकटी अशा ओळी लावून त्याचा वाटा रूढीने ठरलेला असे. (तो पदरात पडेपर्यंत त्याला किती अपमान गिळावे लागत, ही गोष्ट निराळी.) गावजोशी तर गावचा पहिला सल्लागार. त्याचा हक्क एवढा पक्का, की यजमानाने दुसऱ्याकडून कार्य करवून घेतले तरी वतनदार जोशी दक्षिणेसाठी कोर्टात जाई आणि ती मिळवीही. मुंबई इलाख्यात हा जुलूम 1926 च्या कायद्याने बंद झाला. ज्याची सेवा घेतली नाही त्याला पैसे देऊ नयेत, हे न्याय्यच झाले. पण ज्याची घेतली त्याला किती द्यायचे हे आधी कळूच नये, असे त्यात कुठे आहे? समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक आमच्या गावात आहे. त्याच्यापुढे ठेवायचा पैसा खुशीचा. माझ्या टेबलावरचा नव्हे.

एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ भातगिरणी काढायची म्हणून आले. हा मुलूख पावसाचा, भाताचा, हे खरे. पण चालू गिरण्यांनाच पुरेसे भात मिळत नव्हते. आकडे माझ्यासमोर होते. “काढू नका” एवढेच सांगायला हवे होते. मी म्हणालो, “जरा जपून करा.” का? मोबदला त्यांच्या खुशीवर होता, आणि खूश माणसाचा हात सैल असतो. त्यांनी मला भरघोस दिले. गिरणीला दोन वर्षांत कुलूप लागले. त्यांनी मला बोल लावला नाही. तो मीच मला लावतो. वकिलाने खटल्याच्या निकालावर आपली फी बांधू नये, असा वकील परिषदेचा नियम आहे. त्यातले शहाणपण मला फार उशिरा कळले.

आणि गरिबाचे काय? मोठा व्यापारी चहा पाजून खुशाल उठतो. संकोच असतो तो लहानाला. पेठेतला एक किराणा दुकानदार वस्तू व सेवा कराचे कागद घेऊन माझ्या दारातून दोनदा परत गेला. कमी दिले तर लाज, जास्त द्यायला जवळ नाही! 2017 साली आलेल्या या कराचे विलंब शुल्क मात्र ‘समजून’ घेत नाही. विवरणपत्र उशिरा भरले की दिवसाला 50 रुपये. देणे काहीच नसले तरी 20. ते साठत गेले, आणि तो तिसऱ्यांदा आला तेव्हा माझ्या कामापेक्षा दंडच मोठा झाला होता.

गेल्या पाडव्याला मी भिंतीवर दरपत्रक लावले. विवरणपत्राचे इतके, ताळेबंदाचे इतके, नुसत्या सल्ल्याचे तासाला इतके. ज्याला परवडत नाही त्याला फुकट. पण तेही मीच आधी सांगतो, त्याला मागायला लावत नाही. शेजारचे वकीलमित्र पाटी वाचून हसले. म्हणाले, “सल्ल्याचे हॉटेल काढलेस की!” हॉटेलात माणूस दारातच पाटी वाचतो, खिसा चाचपतो आणि न लाजता आत येऊन बसतो. यात हसण्यासारखे काय, ते त्यांनी मला अद्याप सांगितलेले नाही.