बैलाला सावली, मजुराला ऊन

उन्हाळा लागला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, खिशात कांदा ठेवला तर ऊन लागत नाही म्हणतात, खरं का?" कांदा खुशाल ठेवावा, त्याने अपाय नाही. पण खिशातला कांदा अंग थंड ठेवत नाही. ते काम करणारी यंत्रणा आपल्याला जन्मापासूनच मिळालेली आहे.

बाहेर डिसेंबरची थंडी असो की मे महिन्याची काहिली, निरोगी माणसाच्या शरीराच्या आतले तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासच राहते. बाहेरचे जग बदलत असताना आतला कारभार स्थिर ठेवायचा, या गुणाला समस्थिती म्हणतात. क्लॉद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात ही कल्पना मांडली आणि अमेरिकेतील वॉल्टर कॅनन यांनी १९२६ साली तिला नाव दिले. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा छोटासा भाग त्यावर नजर ठेवतो. रक्त तापले की तो कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद करतो आणि घाम सोडण्याचा हुकूम देतो.

या यंत्रणेची ताकद किती? १७७४ साली लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन नावाचा डॉक्टर काही मित्रांसह उकळत्या पाण्यापेक्षाही जास्त तापवलेल्या कोरड्या खोलीत शिरला. बरोबर एक कुत्री होती. जमिनीच्या चटक्यांनी पाय भाजू नयेत म्हणून तिला टोपलीत ठेवले होते. खोलीत ठेवलेला मांसाचा तुकडा शिजून निघाला. माणसे आणि कुत्री मात्र धडधाकट बाहेर आली. कारण एकच, जिवंत शरीर पाणी उडवून स्वतःला गार करत होते. आपल्या माठाचे गणित तेच. एक लिटर घाम अंगावर वाळला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता ओघळून गेला, तर काही नेत नाही. म्हणून कोकणातली दमट ३६ अंशांची दुपार कधी कधी आमच्याकडच्या कोरड्या चाळीसपेक्षाही जिवावर येते.

प्रत्येक प्राण्याची तऱ्हा निराळी. कुत्र्याला घाम जवळजवळ नाहीच, तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो. म्हशीची कातडी काळी आणि घर्मग्रंथी कमी, म्हणून ती डबक्यात जाऊन बसते. तो तिचा आळस नव्हे, तो तिचा घाम आहे. उंटाची तर कमाल. पाणी कमी पडले की तो दिवसा अंगाचे तापमान ४० अंशांच्या वर चढू देतो आणि रात्रीच्या गारव्यात ते खाली आणतो, म्हणजे घामाचे पाणी वाचते. सरड्याकडे यातले काही नाही, तो बिचारा ऊन-सावलीच्या फेऱ्या मारून भागवतो.

पण घाम आणि धापा या पुढच्या पायऱ्या झाल्या. पहिली पायरी सगळ्यांची सारखीच: सावलीला जाणे. माझे म्हणणे आहे ते इथेच. म्हैस पत्र्याच्या गोठ्यात दावणीला बांधली, कुत्रा भर उन्हात साखळीला बांधला आणि माणूस मजुरीला बांधला, की ही पहिली पायरीच काढून घेतल्यासारखे होते.

आमच्याकडचा शेतकरी ऊन चढले की औत सोडतो. बैलाचे हाल होतात हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. सरकारनेही १९६५ च्या नियमांत लिहून ठेवले आहे की, तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ या वेळेत जनावराला गाडीला जुंपू नये, त्याच्यावर ओझे लादू नये. उत्तम नियम आहे. पण त्याच दुपारी रस्त्यावर डांबर ओतणारा मजूर, मोंढ्यात पाठीवर पोते घेतलेला हमाल, वीटभट्टीवरची बाई यांच्यासाठी असा आकडा दाखवून कुणी मुकादमाला थांबवल्याचे मी तरी पाहिलेले नाही. जितके काम तितका पैसा असेल, तर शरीर थांब म्हणत असतानाही माणूस थांबत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावर भर उन्हात समारंभ झाला आणि उष्माघाताने १४ जण दगावले. तरीही आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साडेबाराचा आणि पुढाऱ्यांची सभा दीडची!

अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात पारा ४६.८ वर गेला आणि पुष्कळ माणसे गेली. त्यानंतर २०१३ साली तिथल्या महापालिकेने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला. आमच्या नगरपालिकेने निदान मजुरांची वेळ सकाळी सहा ते अकरा करावी आणि कामावर सावलीची ताडपत्री व पिण्याचे पाणी ठेवायला लावावे. त्याला मोठा निधी लागत नाही. नव्या मजुराला पहिला आठवडाभर हलके काम द्यावे. उन्हाला सरावायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात आणि तोवर घामाची व्यवस्था कच्ची असते.

इतके करूनही कुणी उन्हात कोसळला, बरळू लागला, अंग चटका बसेल असे तापले, तर त्याला तापाची गोळी देत बसू नये. तापात मेंदूच अंगाचे तापमान वर नेतो, गोळी त्याला खाली आणायला लावते. उष्माघातात मेंदूची यंत्रणाच हरलेली असते, तिथे गोळी काय करणार? सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, बादल्यांनी पाणी ओतावे, पुठ्ठ्याने का होईना वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. गाडी बोलावतानाच पाणी सुरू करावे, गाडी येण्याची वाट पाहू नये.