शेवटची फाशी कोणाची?

इंग्लंडमध्ये चेटकाच्या आरोपावरून शेवटची फाशी कधी झाली, याची तीन उत्तरे दिली जातात : १७१६, १६८५ आणि १६८२. त्यांपैकी तिसरेच पुराव्याला उतरते.

हंटिंग्डन येथे १७१६ मध्ये मेरी हिक्स आणि तिची नऊ वर्षांची मुलगी एलिझाबेथ यांना फासावर चढवले, असे एका पुस्तिकेत छापले आहे. पायमोजे काढून, साबणाचा फेस घुसळून त्यांनी वादळ उठवले, हा आरोप. अंगावर काटा येतो. पण या हकिगतीला पुस्तिकेबाहेर आधार सापडत नाही. चारच वर्षांपूर्वी, १७१२ मध्ये, हर्टफर्डला जेन वेनहॅम दोषी ठरली आणि तिला राजमाफी मिळाली, तेव्हा उलटसुलट पुस्तिकांचा पाऊस पडला होता. मग एका लहान मुलीच्या फाशीवर सारे गप्प बसले, हे पटण्यासारखे नाही.

अ‍ॅलिस मॉलंडचे प्रकरण जास्त गुंतागुंतीचे आहे. १६८५ मध्ये एक्सेटरला तिला मृत्युदंड झाल्याची नोंद तुरुंगाच्या वहीत आहे. ती १९२९ मध्ये सी. लेस्ट्रेंज ईवन यांनी उजेडात आणली. शिक्षा झाली म्हणजे ती अमलातही आली असणार, असा युक्तिवाद केला जातो. तो लंगडा आहे. त्या काळी मृत्युदंड ठोठावलेल्या अनेकांना पुढे सूट मिळे; वेनहॅमही त्यांतलीच. शिवाय इतिहासकार मार्क स्टॉयल यांच्या मते हे नाव मुळात ‘एव्हिस’ असावे, आणि एव्हिस मॉलंड १६९३ पर्यंत जगली.

बिडफर्डच्या तिघींबाबत असा संशय उरत नाही. टेम्परन्स लॉइड, सुझाना एडवर्ड्स आणि मेरी ट्रेम्बल्स या म्हाताऱ्या, गरीब बायका. आजारी बाईच्या खिडकीशी मॅगपाय पक्षी फडफडला, कातड्याचा तुकडा नऊ वेळा टोचला गेला, अशा गोष्टी लॉइडविरुद्ध पुरावा ठरल्या. १६७१ मध्ये ती अशाच आरोपातून सुटली होती. या वेळी, एक्सेटरच्या खटल्यात, सुटली नाही. शिक्षा टाळली तर लोक खवळतील, ही धास्ती तिथे आलेल्या फ्रान्सिस नॉर्थ या न्यायाधीशाच्या पत्रातच दिसते. २५ ऑगस्ट १६८२ रोजी जवळच्याच हेविट्रीला तिघींना फाशी दिले गेले. वधस्तंभाखाली त्यांना विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरेसुद्धा तेव्हाच छापली गेली.

एक्सेटरच्या किल्ल्यातील स्मृतिफलकावर मात्र या तिघींसोबत मॉलंडचेही नाव फाशी गेलेल्यांत कोरले आहे. तिच्या नावापुढे फार तर ‘मृत्युदंड ठोठावला’ एवढेच लिहिता येते.